वाचक विचारतात: सहा मित्र, एक नॅरोबोट आणि सात दिवस

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): ताई, आम्ही सहा जण कॉलेजपासूनचे मित्र, तिघं रिटायर झालोय. एकाची मुलगी मँचेस्टरजवळ असते, ती म्हणाली इंग्लंडमधे कालव्यांतून नॅरोबोट, म्हणजे राहायची सोय असलेली लांब अरुंद नाव, भाड्याने घेऊन आपली आपण चालवत आठवडाभर फिरता येतं. कल्पना लई आवडलीय पण शंका पण लई हायत. लायसन लागतं का? दोघांना पोहायला येत नाही, एकाचा गुडघा दुखतो, घरचे म्हणतात या वयात कशाला. आणि एका मित्राने नकाशा बघून फोर काउंटीज रिंग हा कालव्यांचा गोल मार्ग आखून ठेवलाय, एका आठवड्यात पूर्ण चक्कर. जमेल का? मुलगी विचारतेय, नदीवर पण जायचं का? तुम्ही मैत्रिणींबरोबर जाऊन आलाय असं मागच्या अंकात वाचलं.

उत्तर: दादा, सगळ्यात आधी ती रिंग रद्द करा. ती ११० मैल आहे आणि वाटेत ९४ लॉक आहेत, म्हणजे नाव वर-खाली करायचे दरवाजेवाले हौद. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी ४ मैल, म्हणजे आपण भरभर चालतो तेवढी, आणि बांधून ठेवलेल्या नावांजवळून जाताना अजून हळू करायचं असतं, त्यामुळे हिशोब ताशी ३ मैलांचाच धरा. एका लॉकला पंधरा ते वीस मिनिटं. आता तुम्हीच गुणाकार करा, साठ तासांच्या वर जातं, म्हणजे सातही दिवस रोज आठ-नऊ तास नुसतं चालवायचं. आम्ही सातारच्या पाच मैत्रिणी गेलो तेव्हा हेच केलं होतं. पहिले दोन दिवस घड्याळ बघत पळालो, जेवण उभ्याउभ्या, दुसऱ्या संध्याकाळी दोघींचं वाजलं आणि कुणी कुणाशी बोलेना. तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता म्हणून नाव बांधूनच ठेवली, चहा झाला, कांदाभजी झाली, काठाने लांबवर चालून आलो आणि तिथून पुढे खरी ट्रिप सुरू झाली. मला त्या दोन दिवसांची अजून हळहळ वाटते म्हणून एवढं जोर देऊन सांगतेय.

तुमच्यासाठी लँगोलेन कालवा बघा. पूर्ण कालवा ४६ मैल आणि २१ लॉक, पण तुम्ही एल्समियर गावाच्या आसपासून नाव घेतली तर वेल्समधल्या लँगोलेनपर्यंत फक्त २ लॉक लागतात, जाऊन येऊन ४. गुडघेवाल्या मित्राला सुकाणूवर बसवा, बाकीचे चालतील. वाटेत उचलायचा पूल लागतो, तो चावी फिरवून वर घ्यायचा, ते काम करायला दोघं आधी उतरतात. चर्कला ४५९ यार्डांचा बोगदा आहे, एका वेळी एकच नाव जाते, समोरून दिवा दिसत नाही ना हे बघूनच आत शिरायचं. आणि मग पोंटकसिल्टेचा जलसेतू. १८०५ साली टेलफर्ड आणि जेसप या इंजिनियरांनी डी नदीवरून कालवाच उचलून नेलाय, ओतीव लोखंडाची पन्हळ, खाली १२६ फूट दरी, लांबी हजार फूट. एका बाजूला चालायची वाट आणि कठडा आहे, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नावेच्या कडेवरून थेट खाली नदी दिसते. ज्याला उंचीची भीती वाटते त्याने आत बसावं, त्यात कमीपणा नाही. २००९ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. माझ्या मते ही एक जागा बघायला सुद्धा एवढं लांब जावं.

लायसन लागत नाही. नाव देणारेच तास-दोन तास शिकवतात, आणि त्यावेळी सहाही जणांनी ऐका, एकट्या कॅप्टनने नको. नाव जेमतेम ७ फूट रुंद आणि साठ-सत्तर फूट लांब असते. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे वळते. उसाची ट्रॉली जोडून ट्रॅक्टर रिव्हर्स घेतलेला कुणी तुमच्यात असेल तर त्याला पहिल्या तासात जमेल, कारण हात तसाच उलटा चालवावा लागतो. नाव मधोमध फिरते, त्यामुळे पुढचं टोक वळवलं की मागचं टोक दुसऱ्या काठाकडे जातं हे डोक्यात ठेवा. समोरून नाव आली तर आपण उजवीकडे व्हायचं, आपल्या रस्त्याच्या उलट.

पोहण्याचं म्हणाल तर कालवा बहुतेक ठिकाणी कमरे-छातीएवढाच असतो, पडलं तर उभं राहता येतं. लॉकमधे तसं नाही, तिथे खोल असतं. लाइफजॅकेट मागून घ्या आणि पोहता न येणाऱ्यांनी ते खरंच अंगात घाला. लॉक म्हणजे दोन्हीकडे दरवाजे असलेला हौद, नाव आत घ्यायची, दरवाजा लावायचा, एल आकाराच्या चावीने झडप उघडून पाणी आत घ्यायचं किंवा खाली सोडायचं, दोन्हीकडची पातळी सारखी झाली की मगच दरवाजा हलतो, तोपर्यंत सहा जणांनी जोर लावला तरी हलणार नाही. ना मोटर ना पंप. खाली उतरताना मात्र एक गोष्ट जिवाशी येऊ शकते, वरच्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला पाण्याखाली काँक्रीटची पायरी असते, तिला सिल म्हणतात, पाणी उतरताना नावेचं मागचं टोक त्या पायरीवर राहिलं तर नाव पुढे तिरकी होऊन बुडते. काठावर पांढरी रेघ असते, नाव तिच्या पुढे ठेवा, दोर खांबाला घट्ट गाठ मारून बांधू नका, हातात धरून सैल सोडत राहा. आणि नाव भिंतीवर आपटेल असं वाटलं तर आपटू द्या, पाय मधे घालू नका. वीस टनांच्या आसपासचं लोखंड असतं ते, पायाने थांबत नाही.

नदीवर जायचं का असंही मुलीने विचारलंय म्हणता, तर पहिल्या खेपेला नको. कालव्याचं पाणी जवळजवळ स्थिर, नदीला ओढ असते. तुम्ही सांगलीकर, आयर्विन पुलाखाली किती फूट झालं ते दर पावसाळ्यात बघता, तुम्हाला वेगळं सांगायला नको. थेम्सवर लॉकपाशी पाटी लावतात, पिवळी म्हणजे जपून, लाल म्हणजे प्रवाह जोरात, नाव बांधून ठेवा.

मेच्या शेवटी किंवा जूनमधे जा, नऊ वाजेपर्यंत उजेड असतो. आणि घरच्यांना म्हणावं, तिकडे सत्तरीचे आजी-आजोबा दोघंच नाव घेऊन महिनोन्महिने फिरताना आम्ही पाहिलेत.

प्रश्न (मिरज): नावेवर आपलं जेवण करता येतं का? काय न्यावं?

उत्तर: येतं की. गॅसची शेगडी, ओव्हन, फ्रीज सगळं असतं. मिक्सर आणि इंडक्शन विसरा, वीज बॅटरीवर असते, ती इंजिन चालू असताना भरते आणि रात्री आठ ते सकाळी आठ बाकीच्या नावांजवळ इंजिन बंद ठेवायचं असतं. म्हणून भिजवलेलं वाटण वगैरे प्रकार नकोत, पिठलं-भात, मुगाची खिचडी, भडंग, शेंगदाण्याची चटणी हे सोपं पडतं. दुधाचे आणि मटणाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, म्हणजे कंदी पेढे आणि तूप घरीच ठेवा. पाण्याची टाकी रोजच्या रोज भरून घ्या, सहा जणांच्या आंघोळीला ती पुरत नाही.

प्रश्न (कराड): आपल्याकडे खोडशीचा कृष्णा कालवा आहे, धोमचा आहे, मग आपल्याकडे अशा नावा का नाही चालत?

उत्तर: आपले कालवे शेताला पाणी द्यायला खोदलेले, त्यांचे मालवाहतुकीला. ब्रिजवॉटर कालवा १७६१ मधे सुरू झाला तो वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला. घोडा काठाने चालत नाव ओढायचा, काठावरची ती वाट अजून आहे, त्याच वाटेने आपण चालतो. त्यांना पाणी थांबलेलं हवं होतं, म्हणून चढउतार आला की लॉक बांधले. आपल्याला पाणी वाहतं हवं, म्हणून उतार ठेवलेला असतो, मधे गेट आणि धबधबे, पूल बुटके, आणि आवर्तन संपलं की कालवा कोरडा. नाव घातली तरी पहिल्या गेटला अडेल.

गंमत म्हणजे तो लँगोलेन कालवाही थोडा वाहतो, कारण डी नदीचं पाणी त्यातून प्यायला नेतात, त्यामुळे जाताना वेळ लागतो, येताना नाव जरा पळते. पाण्यावरच फिरायचं असेल तर आपल्या जिल्ह्यात तापोळ्याला शिवसागरात बोटी आहेत, केरळात आलप्पुळाला हाउसबोटीवर रात्री राहता येतं, पण तिथे चालवणारा आणि रांधणारा दुसरा असतो. आणि कराडला कालव्यावर मुलं पोहायला जातात ती मी स्वतः बघितलीत, त्यांना थांबवा. अस्तर केलेले उतरते काठ शेवाळाने गुळगुळीत झालेले असतात, पाण्याला ओढ असते, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धरायला काही सापडत नाही.