‘स्वान लेक’ पहिल्यांदा बघताना

‘स्वान लेक’ या बॅलेच्या तिसऱ्या अंकातले ओडिलचे, म्हणजे नायिकेचं रूप घेऊन येणाऱ्या खलनायिकेचे, 32 फुएते (एका पायावरच्या सलग गिरक्या) मोजत बसू नका. टाळ्या तिथेच पडतात, मान्य. पण नर्तकीचा खरा कस दुसऱ्या अंकात लागतो. नृत्यदिग्दर्शक लेव्ह इवानोव्हने 1894 साली सेंट पीटर्सबर्गमध्ये बसवलेला तो तळ्याकाठचा प्रवेश. एकल व्हायोलिन सुरू झालं की ओडेटच्या, म्हणजे हंस झालेल्या राजकन्येच्या (ही भूमिकाही सहसा तीच नर्तकी करते), पाठीवर नजर ठेवा. हालचाल खांद्याच्या पात्यातून निघून कोपर, मनगट, बोटं अशी उतरत जाते का? नुसतेच हात हलले तर पंख दिसत नाहीत. रशियन नर्तकी नताल्या माकारोवाचं ब्रिटिश नर्तक अँथनी डॉवेलबरोबरचं चित्रीकरण जरूर मिळवा. इतकी संथ लय पेलणं येरागबाळ्याचं काम नाही. आणि तिकीट वरच्या बाल्कनीचं काढा. हंसांच्या रांगा कशा जुळतात, फुटतात ते तिथूनच नीट कळतं, शिवाय स्वस्तही पडतं.