नवं खातं उघडायचं, पण ओटीपी कुणाच्या मोबाइलवर?

साताऱ्याकडच्या विशेष मुलांच्या एका शाळेच्या सचिवबाई सल्ल्याला आल्या. "नवे विश्वस्त म्हणतात, थ्रेड्सवर, म्हणजे इन्स्टाग्रामवाल्यांच्याच त्या दुसऱ्या समाजमाध्यमावर, आलंच पाहिजे, तरुण देणगीदार तिकडंच आहेत. आमच्याकडं हे बघायला एकच मुलगी, तीही हिशेब सांभाळून. काय करू?"

थ्रेड्स बाजूला ठेवून आधी फॉर्म १०बीडी मागवला. ८०जीखाली, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळेल अशी, देणगी घेणारी संस्था देणग्यांचं हे विवरण ३१ मेपर्यंत आयकर खात्याकडं भरते, त्यामुळे देणगीदारांची यादी आयती मिळते. (मंडळाच्या बैठकीत ती क्वचितच उघडली जाते.) चारशेच्या आसपास नावं होती. बाई वाचत गेल्या तशी बहुतेक माणसं जुन्या मुख्याध्यापकांच्या ओळखीची, पन्नाशीपुढची निघाली. निम्म्यांना वर्षभरात पावतीपलीकडं काही गेलं नव्हतं.

मग असलेली खाती तपासली. खरं दुखणं इथं होतं. फेसबुक पेज पूर्वीच्या एका स्वयंसेवकाच्या खात्यावरून चालायचं. तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, ओटीपी त्याच्याच मोबाइलवर. 'कू' या ट्विटरसारख्या भारतीय माध्यमावरही खातं काढलेलं. जुलै २०२४ मध्ये कू बंद पडलं आणि जमवलेले फॉलोअर गेले. टिकटॉक तर २९ जून २०२० ला सरकारी आदेशानं एका रात्रीत गेलं होतं. फॉलोअर त्या कंपनीचे; नाव-पत्त्याची यादी तेवढी संस्थेची.

थ्रेड्सला नकार द्यायचं कारण नव्हतं. ते इन्स्टाग्रामच्या खात्यावरून उघडतं, नावही तेच येतं. म्हणून आधी इन्स्टाग्राम संस्थेच्या ईमेलवर आणि संस्थेच्या सिमवर आणायचं, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डाशिवाय आणखी एक कोड) लावायची, मोबाइल हाताशी नसताना लागणारे बॅकअप कोड छापून सचिवांच्या कपाटात ठेवायचे. मग बारा आठवडे चाचणी, आठवड्याला दोनच तास. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नाहीत. परदेशातली मराठी मंडळी देणगी विचारतील तेव्हा पासपोर्ट कुठला ते पाहायचं: परदेशी नागरिकत्व घेतलेल्याचा पैसा एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) नोंदणीशिवाय घेता येत नाही, भारतीय नागरिकाचा स्वतःच्या बचतीतला, बँकेमार्फत आलेला चालतो.

लाइक मोजायचे नाहीत. पावतीपुस्तकात 'कुठून कळलं?' असा रकाना आखायचा, तोच हिशेब. चाचणीचे तास होतात चोवीस. दहा मिनिटांचा एक फोन धरला तर तेवढ्यात १४४ जुन्या देणगीदारांशी बोलणं होतं. विश्वस्तांपुढं हा आकडा ठेवल्यावर दोन्ही करून बघायचं ठरलं, फोनचं काम त्यांनीच वाटून घेतलं.

व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल का नको, हेही त्यांनी विचारलं. सूचना द्यायला ते बरं. पण फॉलोअरचे नंबर चालवणाऱ्याला दिसत नाहीत, म्हणजे यादी तिथंही वाढत नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्याच ब्रॉडकास्ट यादीत (एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो) २५६ जण बसतात, मात्र संस्थेचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून पहिल्या फोनमध्येच "नंबर सेव्ह करा" सांगायचं.

चाचणी सुरू झाली. पोस्टखाली टाकायचा देणगीचा क्यूआर कोड मात्र आठवडाभर अडला: बँकेतही नोंद जुन्या खजिनदारांच्याच मोबाइलची निघाली.