तळघरातलं पुराचं पाणी मोटार लावून एका दिवसात उपसलं, पण ओल जात नाही. आतून वॉटरप्रूफिंग करून घेऊ का?

आत्ता नको. भिंत ओली असताना आतून कोटिंग मारलं की ओल मागे कोंडते, लोणा फुटतो आणि पोपडे पडतात.

पण 'एका दिवसात उपसलं' हे वाचून राहवलं नाही. आमचं घर सांगलीत, गावभागात. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. पूर ओसरला तरी तळघर भरलेलंच. मी सांगत होतो, रोज दोन-तीन फूटच काढू. बाहेरची माती पाणी पिऊन भिंतीला आत रेटत असते, आतलं पाणी तो रेटा तोलून धरतं. धाकट्या भावाला मालाची घाई. दोन मोटारी लावल्या, संध्याकाळी तळ दिसला. रात्री बॅटरी घेऊन उतरलो तर रस्त्याकडच्या भिंतीला पोट आलेलं, मधोमध बोट शिरेल एवढी भेग आणि तिच्यातून गढूळ पाणी गळतंय.

भाऊ आजही म्हणतो, भिंत जुनीच होती. मागची भिंतही त्याच वर्षीची आहे. ओळंबा लावून बघा, सूतभर फरक नाही. कारण तिच्यामागे माती नाही, उतारावरचं परस आहे.

तुमचं म्हणाल तर भिजलेला गिलावा फोडून विटा उघड्या ठेवा, पंखे लावा. रंगाआधी फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टी मारून भिंतीला लावा. दोन दिवसांनी आतून थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. आमच्याकडे मार्चपर्यंत दिसत होते.

हे पुराच्या पाण्याबद्दल. दर पावसाळ्यात पाझर येत असेल तर आधी बाहेरचा निचरा बघा, आतून काहीही लावून उपयोग नाही. आणि तुमच्याही भिंतीला पोट असेल तर इंजिनिअरने बघेपर्यंत तळघरात कुणाला उतरू देऊ नका. पाणी शिरलेल्या वायरिंगचा मेन स्विच बंदच ठेवा.

आम्ही ती भिंत नव्याने बांधली. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. या वेळी मी रोज थोडं उपसून भिंतीवर खडूची रेघ मारायचो. सकाळी पाणी रेघेच्या वर चढलेलं असलं की त्या दिवशी मोटार बंद. पाच दिवस लागले, भिंत जागची हलली नाही. भाऊ तेव्हा पुण्यात होता. खडूच्या रेघा मी अजून पुसलेल्या नाहीत.