कुत्र्याचा थायरॉईड कमी असेल तर रक्त आणि लसिकेवर काय परिणाम होतो?

आपल्या सात वर्षांच्या लॅब्रेडॉरचा थायरॉईड कमी निघाला आहे, पीसीव्ही (रक्तातील तांबड्या पेशींचे शेकडा प्रमाण) ३१ आला आहे आणि जबड्याखाली गाठी हाताला लागत आहेत. हे सारे थायरॉईडमुळेच का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात कोथरूडला पाळीव प्राण्यांवर उपचार करतो. माझ्या मते रक्त कमी होण्याचा थायरॉईडशी मेळ बसतो, गाठींचा मात्र बसत नाही.

कुत्र्याचा पीसीव्ही साधारण ३७ ते ५५ असतो. थायरॉईडचे संप्रेरक कमी पडले की चयापचय मंदावतो, ऊतींना प्राणवायू कमी लागतो, त्यामुळे मूत्रपिंडातून येणारे एरिथ्रोपोएटिन (तांबड्या पेशी बनवण्याचा इशारा देणारे संप्रेरक) घटते आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी कमी तयार करू लागते. पेशींचा आकार व रंग बिघडत नाही, केवळ संख्या घटते, आणि घटही बहुधा सौम्यच असते. पांढऱ्या पेशींत सहसा विशेष फरक पडत नाही.

रक्ताची बारीक नळी यंत्रात फिरवून उजेडात धरली, की अशा अनेक कुत्र्यांत वरचा थर ताकासारखा पांढुरका दिसतो, तोही रात्रभर उपाशी ठेवल्यावर. कारण ट्रायग्लिसराइड (रक्तातील चरबी) वाढलेले असतात. कोलेस्टेरॉलही बहुतेकांत वाढते. अशा दुधाळ नमुन्यात यंत्र हिमोग्लोबिन खोटे जास्त दाखवू शकते, म्हणून मी पीसीव्हीवर अधिक विसंबतो.

लसिकेविषयी (लिम्फ, म्हणजे ऊतींत झिरपलेला आणि परत रक्तात जाणारा द्रव) बोलायचे तर, या आजारात केशवाहिन्यांतून अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) अधिक झिरपते आणि ते परत नेण्यास लसिकावाहिन्या पुऱ्या पडत नाहीत, हे प्रामुख्याने माणसांतील अभ्यासांतून दिसले आहे. कुत्र्यात आपल्याला दिसते ती कपाळाची व पापण्यांची जाडसर सूज. तेथे त्वचेत हायल्युरोनिक आम्ल साठून पाणी धरून ठेवते. म्हणूनच बोट दाबून उचलले तरी खळगा राहत नाही.

जबड्याखाली लागतात तशा लसिकाग्रंथी सुजणे मात्र थायरॉईड कमतरतेचे लक्षण नव्हे, आणि येथे मी आपल्याला कळकळीने सांगेन की थायरॉईडची गोळी सुरू झाली म्हणून पुढच्या तपासण्या थांबवू नका. आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा एर्लिकिओसिस (गोचिडताप) गाठी, रक्तक्षय आणि प्लेटलेटची घट असे सारे घडवतो. लिम्फोमाही (लसिकाग्रंथींचा कर्करोग) वगळावा लागतो. शिवाय कोणताही दुसरा आजार रक्तातील टी४ (थायरॉईडचे मुख्य संप्रेरक) तात्पुरता खाली ओढतो, त्यामुळे एकट्या टी४वरून निदान पक्के धरता येत नाही. सोबत टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे संप्रेरक) आणि फ्री टी४ (प्रथिनांना न बांधलेला टी४) हवे. आधी प्लेटलेट मोजून घ्या, गोचिडतापाची तपासणी करा आणि गाठीतून सुईने पेशी काढून पाहा.

निदान पक्के ठरले आणि लेव्होथायरॉक्सिन (थायरॉईडची गोळी) चालू राहिले, तर उत्साह काही आठवड्यांतच परतेल. पीसीव्ही मात्र काही महिने घेईल, कारण कुत्र्याची तांबडी पेशी सुमारे ११० दिवस जगते आणि भरपाई सावकाश होते.