मका तोच, मग शेणात तुकडे का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी भोकरदन तालुक्यातला. दोन म्हशी अन् तीन गायी हायेत. घरच्या मक्याचा भरडा घातला की शेणात पिवळे तुकडे दिसतात, शेजाऱ्याचं वाण वेगळं, त्याच्याकडं असं होत नाही, गिरणी तर एकच. मक्यामक्यात एवढा फरक असतो का?

उत्तर: दादा, शेण निरखून प्रश्न विचारला हे लई आवडलं. फरक असतो, आणि तो वाण तयार करतानाच पडलेला असतो. घरचा एक दाणा ब्लेडनं उभा कापून बघा. आत काचेसारखा पिवळा भाग जास्त असेल तर वाण टणक, पांढरा पिठूळ भाग जास्त आणि डोक्यावर खळगा असेल तर मऊ. स्टार्च दोन्हीत साधारण ७० टक्के, पण टणक दाण्यात त्याचे कण झीन नावाच्या प्रथिनात अडकलेले असतात, चिक्कीत शेंगदाणे अडकतात ना तसे, ते प्रथिन फुटल्याशिवाय पोटातल्या जंतूंना स्टार्च सापडतच नाही. म्हणून तुमचं बियाणं वाईट असं समजू नका, टणक दाण्याला सोंडे कमी लागतात, पोत्यात फुटत नाही, ब्रीडरनं, म्हणजे वाण तयार करणाऱ्यानं, तेच बघून निवडलेलं असतं.

स्टार्चमधेही दोन जाती. साध्या मक्यात अमायलोज सुमारे २५ टक्के, बाकी अमायलोपेक्टिन, आणि हे दुसरं लवकर पचतं. एकाच जनुकातल्या बदलानं जवळजवळ सगळं अमायलोपेक्टिन असलेला मेणचट मका होतो, १९०८ साली चीनमधून अमेरिकेत गेलेल्या बियाण्यात तो सापडला. कापलेल्या दाण्यावर आयोडीन टाकलं की साधा मका निळा-काळा होतो, मेणचट तांबूस. दुसऱ्या एका जनुकानं उलटं होतं, अमायलोज ५० टक्क्यांच्या वर जातं, तो स्टार्च माणसाच्या लहान आतड्यात बराचसा पचत नाही, त्यामुळं रक्तातली साखर सावकाश वाढते, शुगरवाल्यांना बरं पण दुभत्या जनावराला काय कामाचं.

तुम्ही भरडा थोडा बारीक करून घ्या, पार पीठ नको आणि एकदम जास्तही घालू नका, पोट आंबून जनावर खाणं सोडतं. जमलं तर मुरघास, म्हणजे हिरव्या मक्याची कुट्टी हवाबंद दाबून ठेवलेला चारा, करा, चार-पाच महिने दाबून राहिला की ते झीन बरंच सुटतं आणि टणक दाणाही पचायला लागतो, फक्त कुट्टी करताना दाणा फुटला पाहिजे. पुढच्या पेरणीआधी जे वाण घ्यायचं त्याचं कणीस गावात कुणाकडं असेल तर मागून आणा, दाणा कापून बघा, मगच पिशवी घ्या.