मांजरेच्या पाण्याचा अभ्यास सुरू करणाऱ्यास

तुम्ही मांजरेचे पाणी तपासायला निघाला आहात, तर बाटल्या घेण्याआधी नकाशा घ्या. ही नदी बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातील बालाघाटाच्या डोंगरात उगम पावते आणि धनेगावच्या धरणातून लातूरकडे, पुढे कर्नाटक व तेलंगणात जाऊन गोदावरीला मिळते. तिचे वरचे खोरे बेसाल्ट खडकाचे आहे. त्यातून झिरपणाऱ्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट उतरत असल्यामुळे येथील पाणी थोडे अल्कधर्मी आणि जड असणे स्वाभाविक आहे, त्याला लगेच प्रदूषण म्हणू नका.

नमुना काठावरून नव्हे, वाहत्या धारेतून, बाटलीचे तोंड प्रवाहाच्या उलट, येणाऱ्या धारेकडे धरून, पृष्ठभागाखालून घ्यावा. तापमान, सामू (पाणी आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, pH) आणि विरघळलेला ऑक्सिजन जागेवरच मोजा, कारण प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत हे आकडे बदलतात. पंचवीस अंश सेल्सियसला समुद्रसपाटीशी स्वच्छ पाण्यात लिटरमागे सुमारे ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, पस्तीस अंशांना सातच्या आसपास; म्हणून वैशाखातला कमी आकडा वाचताना आधी उन्हाचा वाटा वजा करावा. जिवाणूंच्या चाचणीची बाटली मात्र निर्जंतुक असावी, ती नदीत विसळू नये, बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोहोचवावी.

माझ्या मते सर्वांत मोलाचा नमुना मृगाच्या पहिल्या जोरदार पावसानंतरचा, कारण उन्हाळाभर साचलेले शेण, माती आणि रानातले खत तेव्हाच एकदम नदीत उतरते. पूर असताना पात्रात उतरू नका. पुलावरून दोरीने बादली सोडा.