टाइप १ मधुमेह नुकताच कळलाय, हॉटेलात जेवायला कसं जायचं?

तुम्ही लिहिलंय की टाइप १ निघून दोन महिने झाले, ऑफिसातले सगळे दर शुक्रवारी बाहेर जेवायला जातात आणि तुम्ही दर वेळी काहीतरी कारण काढून टाळता. मला हे तेविसाव्या वर्षी निघालं, त्याला आता अकरा वर्षं झाली. पहिले चार महिने पुण्यासारख्या गावात राहून मी एकाही हॉटेलची पायरी चढले नव्हते. तेव्हा आधी हेच सांगते: नक्की जा. फक्त त्या हॉटेलचं जेवण पहिल्यांदा पार्सल करून घरी आणा.

पार्सल अशासाठी, की घरी वजनकाटा असतो. मी सुरुवातीला घरच्या सवयीने दोन पोळ्यांच्या जागी दोन नान धरायचे आणि शुगर तीनशेच्या वर का जाते ते कळायचं नाही. एकदा बटर नान घरी आणून काट्यावर ठेवला, ९० ग्रॅम भरला. पाव, नान असल्या मैद्याच्या पदार्थांत वजनाच्या साधारण निम्मे कार्ब (कार्बोहायड्रेट, म्हणजे शुगर वाढवणारे पिष्ट आणि साखर) धरले की अंदाज फारसा चुकत नाही, म्हणजे एका नानात ४५ ग्रॅम. घरच्या मध्यम पोळीत कार्ब १५ ते २० ग्रॅम. जिरा राइसची प्लेट मोजली तर ३२० ग्रॅम! शिजलेल्या १०० ग्रॅम भातात जवळपास २८ ग्रॅम कार्ब असतात, त्या हिशेबाने एका प्लेटमध्ये ९० च्या आसपास. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हॉटेलात बसल्यावर ताटातला भात किती, हे आपोआप कळायला लागतं. पार्सल खाल्लं त्या दिवशी वहीत लिहून ठेवा: काय खाल्लं, किती ग्रॅम, इन्सुलिन किती युनिट घेतलं, दोन तासांनी शुगर किती, चार तासांनी किती. एका हॉटेलचे दोन पदार्थ असे पक्के झाले की शुक्रवारी तिथे बिनधास्त जा आणि तेच मागवा. हळूहळू यादी वाढते. माझं प्रमाण १० ग्रॅम कार्बला १ युनिट इन्सुलिन असं आहे, पण ते माझं. तुमचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या. शिवाय निदानानंतर सुरुवातीचे काही महिने स्वादुपिंड थोडं इन्सुलिन स्वतः बनवत असतं, त्यामुळे आज बसलेला हिशेब सहा महिन्यांनी बदलू शकतो.

आता वेळेचं. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. चार महिन्यांनी आई-बाबांबरोबर पहिल्यांदा बाहेर गेले. रविवारची संध्याकाळ, दाराबाहेर वेटिंग. टेबल मिळाल्या मिळाल्या मी ६ युनिट घेतले, कारण जेवणाआधी पंधरा मिनिटं घ्यायचं हे डोक्यात पक्कं बसलेलं. जेवण यायला चाळीस मिनिटं लागली. आधी मेन्यूकार्डावरची अक्षरं हलल्यासारखी वाटली, मग मानेवरून घाम ओघळायला लागला. मीटरवर शुगर ५४, म्हणजे फारच लो. बाबा धावत काउंटरवर गेले आणि बडीशेपेची वाटी घेऊन आले. मी त्यातली खडीसाखर तोंडात टाकली, पण ती काही केल्या विरघळेना. शेवटी एका वेटरने हे पाहिलं आणि न विचारता स्टीलच्या वाटीत साखर आणि पेल्यात पाणी आणून ठेवलं. तीन चमचे साखर म्हणजे साधारण १५ ग्रॅम. ती पाण्यात ढवळून प्यायले, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं तेव्हा ७८.

तेव्हापासून ताट टेबलावर दिसल्याशिवाय मी इन्सुलिनचं पेन उघडत नाही. झटपट काम करणारं इन्सुलिन जरा उशिरा घेतलं तर शुगर थोडी वर जाईल, पण ती नंतर आणता येते खाली. तुमचं इन्सुलिन जुन्या प्रकारचं, अर्धा तास आधी घ्यायचं असेल, तर हॉटेलसाठी काय करायचं ते डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आणि ग्लुकोज पावडर कायम जवळ ठेवा. शुगर लो झाल्यावर चॉकलेटवर अवलंबून राहू नका, त्यातल्या चरबीमुळे साखर चढायला वेळ लागतो.

तेलकट-तुपकट जेवणाची गंमत वेगळी. पनीर बटर मसाला, पिझ्झा, बिर्याणी खाऊन दोन तासांनी १४० दिसतं, आपण खूश होऊन झोपतो आणि रात्री दोनला २८०. चरबीमुळे पोट उशिरा रिकामं होतं, इन्सुलिन ओसरत आल्यावर कार्ब पोचतात. यासाठी डोस दोन भागांत घेता येतो, पण तो डॉक्टरांनी बसवून द्यायला हवा. घाबरून तासातासाला इन्सुलिनवर इन्सुलिन घेऊ नका, पहाटे सगळं एकदम अंगावर येतं आणि शुगर लो होते. दारू घेत असाल तर तीही रात्री उशिरा शुगर पाडते, कारण यकृत साखर सोडायचं काम बाजूला ठेवतं. उपाशीपोटी तर अजिबात नको.

न दिसणारी साखर म्हणाल तर उडप्याच्या सांबारात गूळ, मंचुरियनमध्ये आणि सूपमध्ये कॉर्नफ्लोअर, मखनी ग्रेव्हीत साखर. वेटरला सरळ विचारा, सांगतात. लाइम सोडा मागवताना ‘फक्त मीठ, साखर नको’ असं दोनदा म्हणा.

इन्सुलिन टेबलावरच घ्या, बाथरूममध्ये नको. तिथे पेन ठेवायलाही स्वच्छ जागा नसते. ४ मिलिमीटरची सुई, दहा सेकंदांचं काम, बहुतेकांना कळतही नाही. वापरलेली सुई मात्र ताटात किंवा टिश्यूत टाकू नका, ताट उचलणाऱ्या पोराच्या बोटात जाते. छोटी डबी ठेवा आणि घरी आणा. पेनही पार्किंगमधल्या गाडीत ठेवू नका, मे महिन्यात तर नाहीच.

कुणीतरी म्हणेलच, ‘शुगर आहे ना, मग भात कसा चालतो?’ किंवा कारल्याचा रस सुचवेल. टाइप १ मध्ये शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवत नाही, म्हणून ते बाहेरून घ्यावं लागतं, एवढं एकदा शांतपणे सांगा. इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

आणि या शुक्रवारी जाण्याआधी शेजारी बसणाऱ्या एकाला तरी बाजूला घेऊन सांगून ठेवा: ग्लुकोज माझ्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात आहे. मला घाम फुटला, मी विनाकारण चिडचिड करायला लागलो किंवा एकदम गप्प झालो, तर विचारत बसू नकोस, पाण्यात कालवून पाज. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नकोस, सरळ दवाखान्यात ने.